गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूनं खडखड, तीन गॅरेज झाली, आता काय?

अनगोळकर (शनिवार, रात्री 9:40)
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2017 ची, 71 हजार किलोमीटर झालेत. रोज बेळगावातल्या अनगोळहून खानापूरला जाऊन-येऊन. पावसाळा संपल्यापासून पुढच्या डाव्या बाजूनं खडखड येते. आतला डॅशबोर्ड नाही, दारही नाही, बाहेरचंच काहीतरी हलतंय. काच खाली केली की जास्त ऐकू येतं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून बघितलं आणि पुढचे दोन्ही लिंक रॉड (सस्पेन्शनच्या जोडदांड्या) बदलले. 2,800 रुपये. आवाज आहे तसाच. दुसऱ्यानं एक चक्कर मारली, ‘एन आगंगिल्ल री’ (काही होत नाही हो) म्हणाला आणि रेडिओ मोठा करून दाखवला. हा विनोद नाही, खरंच केलं त्यानं. तिसरं मोठं, एसी लावलेलं ठिकाण. तिथं पुढचा बंपर बदला म्हणाले, रंगासकट 11 हजार. बंपरला साधा ओरखडासुद्धा नाही.

हे घरच्या घरी शोधता येतं का? कुणी शोधलंय का?

देसूर_स्टेशन (शनिवार, 9:52)
दुसऱ्याचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे.

शहापूरची_सून (शनिवार, 10:05)
आधी नंबर प्लेट बघा हो. आमच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवली तेव्हापासून पंधरा दिवस आम्ही इंजिनात काहीतरी गेलं म्हणून घाबरून होतो. प्लेट म्हणजे मिलिमीटरभर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. मागं फ्रेम नसली की इंजिन सुरू होताच बंपरवर थडथड वाजतो. बोटानं दाबून धरली आणि आवाज बंद झाला, तेव्हा कळलं.

जांबोटीचा_पाव्हणा (शनिवार, 10:11)
मग काय, भोकं पाडून दोन स्क्रू जास्त मारायचे. हाय काय अन् नाय काय.

शहापूरची_सून (शनिवार, 10:20)
भोकं पाडायची नाहीत, पाव्हणं! त्या प्लेटला स्नॅप लॉक असतात, एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत आणि तोडले की पुन्हा वापरता येत नाहीत. मुद्दाम तसंच केलंय, प्लेट चोरून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून. छेडछाड केलेली दिसली की पोलीस विचारणारच. मी काय केलं, प्लेट थोडी पुढं ओढली आणि मागच्या फटीतून दाराच्या रबरासारखी मिळते ती फोमची पट्टी दोन्ही टोकांना सरकवली. 30 रुपयांत काम झालं.

अनगोळकर (शनिवार, 10:31)
ताई, आत्ताच खाली जाऊन बघून आलो. प्लेट घट्ट आहे. शेजारचे आजोबा गॅलरीतून विचारत होते, रात्री साडेदहाला गाडीला नमस्कार का करतोय म्हणून.

चोर्ला_भटक्या (शनिवार, 11:02)
चाकाच्या प्लास्टिक कॅपमध्ये खडा गेला असेल. कणकुंबीच्या पुढं घाटात रस्त्याकडेला खडी टाकून ठेवली होती, तिथं माझ्या गाडीत शिरला होता. याची खूण अशी: गाडी हळू असताना खुळखुळ वाजतं आणि वेग वाढला की एकदम गप्प. खडा फिरण्याच्या जोरानं बाहेरच्या कडेला चिकटून बसतो. मला वाटायचं, वेगात आपल्याला ऐकू येत नाही. चुकीचं होतं, वेगात तो खरंच वाजत नाही.

पुणेरी_बेळगावकर (रविवार, सकाळी 7:15)
एक शंका. धागाकर्ते ‘खडखड’ म्हणतात, वरचे सदस्य ‘खुळखुळ’, ताई ‘थडथड’. हे तिन्ही आवाज वेगळे आहेत. आवाजाचं नाव नीट सांगितलं तर निम्मं निदान तिथंच होईल.

जांबोटीचा_पाव्हणा (रविवार, 7:40)
आले मास्तर. गाडी दुरुस्त होऊ दे, शुद्धलेखन मग बघू.

मच्छेचा_फिटर (रविवार, 8:30)
हसू नका, ते बरोबर बोलूलालेत. मी उद्यमबागेत 22 वर्षं मशीनवर काढली. आमचा उस्ताद कानानं बेअरिंग ओळखायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचा, मूठ कानाला, आणि सांगायचा की हे रडूलालंय, आज संध्याकाळपर्यंत जाईल. जायचंच.

गाडीचंही तसंच हाय. माझ्या हिशोबानं सांगतो.

तडतड म्हणजे पातळ पत्रा. बहुतेक वेळा सायलेन्सरवरचं उष्णता अडवायचं झाकण, हीट शील्ड म्हणतात ते. गाडी जागेवर उभी असताना एका ठराविक रेसवरच वाजतं, थोडं जास्त दिलं की बंद. पत्र्याची स्वतःची थरथर आणि इंजिनची थरथर एका ठिकाणी जुळतात म्हणून.

टकटक, ती पण खड्ड्यात चाक पडलं तेवढीच, म्हणजे लिंक रॉड, बॉल जॉइंट असलं काहीतरी. हे बाहेरचं पार्ट समजून सोडू नका, स्टिअरिंग-सस्पेन्शनचा मामला हाय. आधी हे दाखवून घ्यायचं, मग बाकीचं.

कुरकुर म्हणजे रबर. सांध्यातला रबरी बुश वाळलाय. सकाळी थंडीत जास्त.

खडखड म्हणजे कडक वस्तू सैल. प्लास्टिकची जाळी, फॉग लॅम्पचं झाकण, सुटलेला स्क्रू.

फडफड म्हणजे वारा. अंगाखालचं कव्हर नाहीतर चाकावरचं माती गार्ड. वेग वाढला की वाढतं.

अनगोळकर, सांगा की, उभ्या गाडीला येतो का? खड्ड्यात येतो का? चांगल्या रस्त्यावर 60 च्या पुढं येतो का?

पुणेरी_बेळगावकर (रविवार, 8:41)
फिटरसाहेब, मनापासून दाद. ‘घरघर’ राहिली.

मच्छेचा_फिटर (रविवार, 8:50)
घरघर म्हणजे व्हील बेअरिंग. तिथं धागा काढायचा नाही, गॅरेजला जायचं.

निपाणीची_सुमन (रविवार, 9:25)
हीट शील्डचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहिते. माझ्या गाडीचा पत्रा असाच तडतडायचा. सिग्नलला उभं राहिलं की लोक वळून बघायचे. हायवेवरच्या एका मेकॅनिकनं दोन मिनिटांत तो पत्रा उचकटून काढला आणि म्हणाला, मॅडम, आता कायमचा आराम. मीही खूश. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले की आपण शेतात उसाच्या वाळक्या पाचटावर गाडी लावतो, आणि वर तो पत्रा नाही!

खरंच आहे ते. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालताना कित्येक शे अंशांनी तापतो. तो पत्रा शोभेचा नसतो. दुसऱ्या दिवशी जाऊन पत्रा परत मागितला, नशीब, भंगारात टाकला नव्हता. बोल्टाजवळची भोकं गंजून मोठी झाली होती. तिथं मोठे स्टीलचे वॉशर घातले आणि एका टोकाला पाण्याच्या पाइपला लावतात तसला स्टीलचा होज क्लॅम्प आवळला. तीन वर्षं झाली, हूं नाही की चूं नाही.

गडहिंग्लज_एक्सप्रेस (रविवार, 9:58)
सुमनताई, क्लॅम्पवाला उपाय नंबर एक. फक्त इंजिन गार असताना करा. मी गरम असताना हात घातला होता, मनगटावर अजून खूण आहे. बायको लोकांना सांगते की मुंज झालेली खूण आहे.

अनगोळकर (रविवार, दुपारी 1:15)
फिटरकाका, तुम्ही सांगितलं तसं आज सकाळी करून बघितलं.

उभ्या गाडीला: आवाज नाही. रेस करूनही नाही.
कॉलनीतल्या खड्ड्यांत हळू: थोडासा, कधी येतो कधी नाही.
पिरनवाडीच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर 60-70: जोरात.

म्हणजे वाऱ्याचा मामला?

मच्छेचा_फिटर (रविवार, 1:40)
बहुतेक. आता चिकटपट्टी घ्या, रंगारी लावतात ती कागदाची. बाहेरून जी जी फट, जी जी कड दिसते ती एक-एक करून बंद करा. आधी पुढची जाळी, एक चक्कर. मग फॉग लॅम्पचं झाकण, एक चक्कर. मग काचेखालची वायपरजवळची पट्टी. दारावरचं पावसाचं व्हायझर. एका वेळी एकच हं. सगळं एकदम चिकटवलं आणि आवाज गेला, तर कशानं गेला ते कसं कळणार?

आणि गाडी दुसऱ्यानं चालवायची. तुम्ही डाव्या बाजूला मागं बसा, कान तिकडं. चालवणाऱ्याला आवाज कुठून येतो ते कधी नीट कळत नाही.

चोर्ला_भटक्या (रविवार, 2:05)
अहो, कशाला एवढं? सैल दिसेल तिथं केबल टाय मारा. माझ्या गाडीचा पुढचा बंपर दोन वर्षं चार टायवर आहे. पणजीला वीस वेळा जाऊन आलो.

मच्छेचा_फिटर (रविवार, 2:30)
टाय मारून घरी यायला ठीक. कायमचं नको. पांढरा टाय उन्हानं वर्षभरात कुरकुरीत होऊन तुटतो, मारायचाच तर काळा मारा. आणि टाय पातळ असतो, थरथरीत प्लास्टिकचं भोक कापत जातो. आज क्लिप पाच-दहा रुपयांना येते. भोक फाटलं की मग सगळा पार्ट बदला म्हणणार. तुमच्या बंपरची भोकं बघून फोटो टाका, मग बोलू.

चोर्ला_भटक्या (रविवार, 2:34)
फोटो टाकणार नाही.

देसूर_स्टेशन (रविवार, 2:36)
भोकं बोलली.

जांबोटीचा_पाव्हणा (रविवार, 3:10)
विषय रस्त्याचा आहे, गाडीचा नाही. आमच्याकडं पावसाळ्यानंतर माणसाची हाडंसुद्धा खडखडतात, त्याला कुठली क्लिप? त्यात आता ऊस सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, त्यातनं कांडी पडते, ती चुकवायला बाजूला घेतली की चाक खड्ड्यात. मागच्या वर्षी एक कांडी बंपरखाली अडकून घरापर्यंत आली. पोरं म्हणाली, बाबा रस आणला.

गडहिंग्लज_एक्सप्रेस (रविवार, 3:25)
आमच्या बाजूला फार वेगळं आहे असं समजू नका. सीमा ओलांडली की फक्त खड्ड्याची पासिंग बदलते.

शहापूरची_सून (रविवार, 3:31)
सीमेचा विषय काढलात, आता हा धागा दोनशेला थांबणार. गाडीवर या परत!

अनगोळकर (सोमवार, रात्री 8:50)
आलो, आलो. अहवाल ऐका. जरा लांब आहे.

काल संध्याकाळी भाऊ चालवायला, मी पुढं डावीकडं, आई मागं. आईला नंदगडला मावशीकडं सोडायचं होतंच. जाळीला पट्टी लावली, आवाज आहे. झाकणाला लावली, आहे. वायपरच्या पट्टीला लावली, आहे. गर्लगुंजी फाट्याजवळ थांबून चौथ्यांदा पट्टी फाडत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, ‘काय खडखड खडखड लावलंय मघापासून. ही खडखड कुठं? सुपानं भात पाखडल्यागत येऊलालंय, ते पण चाकापासनं.’

मी आणि भाऊ एकमेकांकडं बघतच राहिलो.

पुणेरी_बेळगावकर (सोमवार, 8:58)
महिनाभर रोगाचं नाव चुकीचं सांगत होतात!! मी काय म्हणत होतो?

मच्छेचा_फिटर (सोमवार, 9:05)
आईंनी रोग सांगितला की! फडफड. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवा, म्हणजे डाव्या चाकाच्या पुढची जागा मोकळी होते. चाकाच्या वर काळं प्लास्टिकचं आवरण असतंय, लायनर. त्याची पुढची खालची कड बंपरला जोडलेली असते. हात घालून ओढून बघा. टॉर्च घ्या. गाडी हँडब्रेकवर, इंजिन बंद.

अनगोळकर (सोमवार, 9:55)
काका, तुमच्या पायावर डोकं ठेवतो.

लायनरच्या खालच्या कडेला पाच भोकं. दोन क्लिपा जागेवर, दोन गायब, आणि पाचव्या भोकात कुणीतरी वायरचा तुकडा पिळून बांधलाय. कड सुटून हातात आली, हलवली की हुबेहूब तोच आवाज. आणि टायरच्या बाजूला बोटभर जागा अशी चकचकीत झालीय, जणू पॉलिश केलंय. टायर वळताना तिथं घासत होतं. म्हणून कॉलनीत वळणावर कधी यायचा, कधी नाही!

वायरचा तुकडा लाल आहे. माझ्या घरात लाल वायर नाही. पावसाळ्याआधी ऑइल बदलायला गाडी दिली होती, खालचं कव्हर तेव्हाच काढलं असणार. नाव घेत नाही.

निपाणीची_सुमन (सोमवार, 10:04)
आणि बंपर बदला म्हणत होते! 11 हजार!

मच्छेचा_फिटर (सोमवार, 10:20)
हे रोजचं हाय. त्या क्लिपमध्ये मधे एक पिन असते. पिन आधी उचलायची किंवा काही प्रकारात आत दाबायची, मग कान मिटतात आणि क्लिप सुखानं निघते. घाईत पोरगं स्क्रू ड्रायव्हर घालून सगळं एकदम उचकटतं, कान तुटतात. तुटलेली क्लिप परत घातली तर बसते, पण धरत नाही. 

उद्या चांगली असलेली एक क्लिप काढून दुकानात न्या. ‘अमुक गाडीची द्या’ म्हणू नका. भोकाचं माप बघून घ्या, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) असेल तर उत्तम. जराशी बारीक क्लिप हातानं छान बसल्यासारखी वाटते आणि चार दिवसांत पडते.

जांबोटीचा_पाव्हणा (सोमवार, 10:26)
ते लायनरच काढून टाकलं तर? नसे बांबू, नसे बासरी.

मच्छेचा_फिटर (सोमवार, 10:38)
नको रे बाबा. त्याच्या मागं हेडलाइटची मागची बाजू, वायरिंगचे जोड, बऱ्याच गाड्यांत काच धुवायच्या पाण्याची टाकी असते. लायनर काढून एक पावसाळा जांबोटी रस्त्याला घाला, आत तांबडी माती भरते. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतनं गंजायला लागतो. वरनं रंग झकास, आतनं पापड.

चोर्ला_भटक्या (सोमवार, 10:45)
फोम स्प्रे मारतात ना पोकळीत, तो?

मच्छेचा_फिटर (सोमवार, 10:52)
तेच, गंजच. पाणी जायची वाट बंद होते. तुम्ही आधी ते टाय काढा, मग नवीन काहीतरी शोधा.

गडहिंग्लज_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी 7:30)
मी लायनरला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली होती. आठवड्यात सुटली.

शहापूरची_सून (मंगळवार, 8:10)
मातीवर लावलीत का? व्हायझर, दाराच्या पट्ट्या यांना ती टेप चालते, लायनरला नाही. आणि व्हायझरलासुद्धा आधी स्पिरिटनं पुसून, वाळवून, जोर लावून दाबायची. चांगल्या फोम टेपचा पूर्ण चिकटपणा यायला 72 तास लागतात. लोक सकाळी लावतात आणि दुपारी गाडी धुतात.

गडहिंग्लज_एक्सप्रेस (मंगळवार, 8:14)
तुम्हाला कसं कळलं दुपारी धुतली?

अनगोळकर (बुधवार, रात्री 9:20)
झालं! मोजून पाऊण तासात.

पहिल्या दुकानात काकांनी सांगितलेलंच घडलं. क्लिप हातात घेऊन दुकानदार म्हणाला, सगळ्यांना हीच बसते. माप घेतलं तर 7 मिलिमीटर, माझी जुनी 8. दुसऱ्या दुकानात बरोबर मिळाली. सहा घेतल्या, 60 रुपये. वायर बांधलेलं भोक फाटून लांबट झालं होतं. तिथं जुन्या सायकलच्या ट्यूबचा रुपयाएवढा गोल तुकडा कापला, मधे भोक पाडलं, वॉशरसारखा मधे घातला आणि क्लिप दाबली. आधी ब्रशनं माती काढली. किती निघाली म्हणता, तुळशीची कुंडी भरली असती.

पाचही भोकांत नव्याच घातल्या, सहावी क्लिप उरलीय, ती चावीच्या जुडग्याला लावलीय.

आज खानापूरला जाऊन आलो. 70 ला गेलो मुद्दाम. शांत! इतकं शांत की इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते.

लिंक रॉडचे 2,800 मात्र गेले ते गेलेच.

मच्छेचा_फिटर (बुधवार, 9:35)
71 हजाराला लिंक रॉड बदलले तर वाया नाही गेले. जुने काढलेले मागून घेतले होते का? बॉल हातानं सैल फिरत होता का? पुढच्या वेळी जुना पार्ट समोर मागायचा, लाजायचं नाही.

अनगोळकर (बुधवार, 9:41)
नाही मागितला. चुकलंच.

अनगोळकर (गुरुवार, रात्री 8:15)
मंडळी, एक अडचण. पुढचा आवाज गेल्यामुळं आता मागून एक आवाज ऐकू येतोय. आधी असेल, पण दबून गेला असणार. ठणठण. फक्त खड्ड्यात.

पुणेरी_बेळगावकर (गुरुवार, 8:19)
ठणठण नक्की? या वेळी आईंना विचारून लिहा.

मच्छेचा_फिटर (गुरुवार, 8:24)
ठणठण म्हणजे धातूवर धातू. डिकी उघडा. जॅकची दांडी, पाना, स्टेपनीचा मधला नट बघा.

अनगोळकर (गुरुवार, 8:47)
जॅक घट्ट. स्टेपनी घट्ट. मागं कोपऱ्यात आईचं मोदकपात्र. गणपतीत मामाकडून आणलं होतं, ते तसंच. झाकणासकट.

देसूर_स्टेशन (गुरुवार, 8:49)
आणि ते मामाला परत करायचंय हे लक्षात होतं का?

अनगोळकर (गुरुवार, 8:52)
आई म्हणतीय, परत करायचं नाहीय.